जक्कयाचा हिशेब

शब्बाथशाळेत जक्कयाची गोष्ट उंबराच्या झाडावर चढायची आणि झाडावरून उतरली की संपायची. भायखळ्याच्या आमच्या मराठी चर्चमध्ये बाई फ्लॅनेलच्या फळ्यावर आधी झाड चिकटवायच्या, मग फांदीवर ठेंगणा जक्कय, मग खाली गर्दी आणि गर्दीच्या मधोमध येशू. यरीहो गावचा हा माणूस मुख्य जकातदार, पैसेवाला. पण उंची कमी म्हणून गर्दीत त्याला काही दिसेना, तेव्हा पुढे पळत जाऊन तो झाडावर चढला. एवढा मोठा माणूस झाडावर, या कल्पनेने आम्ही मुलं हरखून जायचो. मग येशू वर बघून त्याला नावाने हाक मारतो, आज तुझ्याच घरी उतरणार म्हणतो, आणि तो धडपडत खाली येतो. इथे प्रार्थना व्हायची, चित्राचं कार्ड मिळायचं आणि आम्ही लालबागच्या वाटेला लागायचो.

उरलेली गोष्ट घरी आजीकडून ऐकली. आजी नगर जिल्ह्यात बायबलबाई होती. गावोगाव पायी जायचं, बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायचं, जमलं तर अक्षरओळख करून द्यायची, हे तिचं आयुष्यभराचं काम. म्हातारपणी ती आमच्या चाळीतल्या खोलीत आली आणि दाराजवळच्या कोपऱ्यात बायबल मांडीवर घेऊन बसू लागली. जक्कयाचं कार्ड मी तिला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "झाडावरनं उतरला ते सांगत्यात व्हय? आन् पैसं काढून दिलं, ते का नाय सांगत?"

लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात ते स्पष्ट आहे. जक्कय उभा राहतो आणि सांगतो की माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला मी लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो. हे ऐकल्यावर येशू म्हणतो की आज या घराला तारण मिळालं. हे बोलणं हिशेबाच्या आधी येत नाही, नंतर येतं. जक्कय रडल्याचं लूक कुठे लिहीत नाही. तो माफीही मागत नाही. तो रक्कम सांगतो.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी करून निवृत्त झाले. जन्म लालबागचा, वडील गिरणीत. या दोन्ही गोष्टींमुळे असेल, पण वय वाढत गेलं तसं मला बायबलातल्या सगळ्या गोष्टींत हीच गोष्ट आपल्या भागाची वाटू लागली. मला आज जे मांडायचं आहे ते हे: ज्याचं घेतलं त्याच्या हातात ते परत पडत नाही तोवर घेणाऱ्याची सुटका नाही. ते देवाला देऊन फिटत नाही, भाषणात हळहळ व्यक्त करून फिटत नाही, आणि भलत्याच ठिकाणी भलतीच वस्तू देऊनही फिटत नाही. गिरणगाव गेली चाळीसहून अधिक वर्षं या परतफेडीची वाट बघत आहे.

जकातदार म्हणजे कोण, हे आजीला समजावून सांगावं लागलं नाही, आम्हालाही नाही. रोमी सत्तेसाठी वसुली करायची, ठरलेली रक्कम वर पोहोचवायची आणि त्यावर जे उकळता येईल ते आपलं. गिरणीत हेच काम जॉबर करायचा. मजूर भरती त्याच्या हातात, बदली कामगाराला आज साचा मिळणार की नाही ते त्याच्या मर्जीवर, आणि त्या मर्जीची किंमत म्हणजे दस्तुरी. १९३१ च्या व्हिटले आयोगाच्या अहवालात या लाचखोरीची नोंद आहे. जॉबर परका नसायचा. तो बहुधा गावचाच असायचा, त्याच चाळीत राहायचा, गणपतीत आरतीला शेजारी उभा असायचा. जक्कयही यहुदीच होता. परक्या सत्तेच्या वतीने आपल्याच लोकांना पिळणारा तो आपल्यातला माणूस, म्हणून त्याच्यावर राग जास्त.

आमच्या घराण्याला तर गिरणीच्या आतही दोन दारं होती. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं आणि १८३१ साली नगरला पोहोचलं. आमच्या पणजोबांनी तिथेच बाप्तिस्मा घेतला. पण धर्म बदलला म्हणून गिरणीतली जात बदलली नाही. साचेखात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि उष्ट्या धाग्याचा विटाळ होतो म्हणून दलितांना त्या जास्त पगाराच्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. वडिलांच्या काळात असा नियम कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण ते रिंग खात्यात लागले आणि रिंग खात्यातच राहिले. हे मुद्दाम सांगते, कारण गिरणगावात कुणी कुणाचं काय घेतलं याची यादी करायला बसलो तर ती एका रेघेत मालक आणि एका रेघेत कामगार इतकी सोपी होत नाही.

आता चौपटीबद्दल. मोशेच्या नियमशास्त्रात परतफेडीचे वेगवेगळे दर आहेत. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर एकाला चार द्यायचे, बैलाला पाच. पण चोराने पकडलं जाण्याआधी स्वतः होऊन कबुली दिली तर गणनेच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे शंभराला एकशेवीस. जक्कय स्वतः होऊन बोलला होता. एकशेवीसवर त्याचं भागत होतं. त्याने चोराला लागू होणारा दर स्वतःला लावून घेतला. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. आपण केलं ते वसुलीच्या नावाखाली केलं, रोमच्या राज्यात ते खपतं, त्याबद्दल कुणी आपल्याला न्यायालयात खेचणार नाही, हे सगळं त्याला ठाऊक होतं. तरी त्याने त्याला चोरी म्हटलं.

चौपट का, हे मला आमच्या चाळीतल्या फंडामुळे समजलं. पगाराच्या दिवशी प्रत्येक घरातून वीस रुपये फंडात जायचे, वर्षभर साठायचे आणि मे महिन्यात गावी जायच्या वेळी वाटप व्हायचं. फंड दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांकडे असायचा. तेही गिरणीतच होते, आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दोन-तीन महिन्यांत मिटेल असं सगळे धरून चालले होते. डॉ. दत्ता सामंतांच्या त्या संपाची माघार कधी अधिकृतपणे जाहीरच झाली नाही, हे पुढे इतिहासाने दाखवलं. त्या पहिल्या उन्हाळ्यात घराघरांतले डबे रिकामे होऊ लागले आणि फंडाच्या वाटपाच्या आधीच काका बायकोमुलांसह रात्रीतून कोकणात निघून गेले. खोलीला कुलूप होतं, फंड गेला होता.

बारा वर्षांनी ते परत आले. एकटेच, हातात कापडी पिशवी. खोलीखोलीत गेले आणि ज्याचे जितके तितके मोजून देऊ लागले. आमचे दोनशे चाळीस. काही जण चाळ सोडून गेले होते, त्यांचे गावचे पत्ते त्यांनी विचारून घेतले. आईने त्यांना आधी बसवलं, भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं, मग पैसे घेतले. वडील बोलले नाहीत, पण जेवायला शेजारी बसले.

शेवटच्या खोलीतल्या मावशींनी पैसे हातात घेतले नाहीत. त्या विधवा होत्या, खानावळ चालवायच्या. संपात गिऱ्हाईक उधारीवर जेवत राहिलं आणि फंडाच्या भरवशावर त्यांनी वाण्याकडून माल उचलला होता. फंड गेला तेव्हा मंगळसूत्र आधीच नव्हतं, म्हणून भांडी गेली, आणि भांडी गेली म्हणून मुलगा शाळेतून काढून कामाला लावला. "माझे दोनशे चाळीस नव्हेत," त्या म्हणाल्या. "भांड्यांचे किती ते मी सांगते. पोराचं वर्ष तुम्ही सांगा." काकांनी त्यांनी सांगितलेला आकडा मान्य केला. पुढे बराच काळ मावशींच्या नावाने कोकणातून मनीऑर्डर येत राहिली. मावशी सही करून पैसे घ्यायच्या. त्या माणसाशी त्या पुन्हा कधीही बोलल्या नाहीत.

बँकेत रुजू झाल्यावर एकदा कागदावर मांडून बघितलं. बारा टक्के चक्रवाढीने दोनशे चाळीसचे बारा वर्षांत साधारण नऊशे पस्तीस होतात, म्हणजे जवळजवळ चौपट. जक्कयाने टक्केवारी मांडली असेल असं मी म्हणत नाही. पण ज्याचं घेतलंत त्याचे पैसेच नाही तर त्या पैशांनी जे झालं असतं ते सगळं तुम्ही घेतलंत, ही जाणीव त्या चौपटीत आहे. मुद्दल परत केल्याने चोर मोकळा होतो, पण ज्याची चोरी झाली तो होता तिथेच राहतो.

आणि मावशींबद्दल. त्यांनी क्षमा करायला हवी होती, असं आमच्या चर्चमधल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी म्हटलेलं मला आठवतं. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. यरीहोच्या लुबाडलेल्या लोकांनी जक्कयाला क्षमा केली की नाही, हे लूक सांगत नाही. त्याचं तारण त्यांच्या क्षमेवर टांगलेलं नाही आणि त्यांच्यावर क्षमेची सक्तीही नाही. त्यांना फक्त त्यांचं मिळतं. उलट लूकने गर्दीची कुरकुर मात्र नोंदवून ठेवली आहे, पाप्याच्या घरी हा उतरायला गेला म्हणून. ती कुरकुर करणाऱ्यांत ज्यांची भांडी गेली होती असेही असतील. त्यांचा राग खोटा नव्हता.

काका उपाशी पोटी चोर झाले आणि तरी परत आले. लहान माणसांची ही परतफेड गिरणगावाने पुष्कळ पाहिली आहे: गावाकडची जमीन विकून वाण्याची उधारी फेडणारे, पतपेढीचं कर्ज मुलाच्या पहिल्या पगारातून चुकवणारे. मोठ्यांच्या हिशेबाकडे वळलं की चित्र बदलतं.

सुमारे सहाशे एकर गिरणीजमीन मुंबईच्या पोटात होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने, ढोबळमानाने, तिचे तीन वाटे सांगितले: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांची जमीन कशी वापरावी यावर १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने आराखडाही दिला. हेच कोरिया दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या आजच्या इमारतीचे वास्तुशिल्पी, आणि ते चर्च तारणमातेच्या नावाचं आहे. तो आराखडा बाजूला पडला. २००१ मध्ये नियम बदलला. म्हाडाच्या वाट्यात गिरणी कामगारांच्या घरांना जागा मिळाली, हे त्या बदलातलं चांगलं. पण वाटणी फक्त आवारातल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या इमारतींखालची जमीन वाटणीतून बाहेर गेली, आणि गिरणी म्हणजे बहुतेक इमारतच असते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला, ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला.

तो निकाल मला मान्य करावा लागतो. पण जक्कयाची वसुलीही वैधच होती, आणि त्याची गोष्ट सुरू होते ती न्यायालयाचं काम संपतं तिथे. कायद्याने माझ्याकडे राहू दिलं म्हणून ते माझं झालं का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. तोच प्रश्न सरकारने, मालकांनी आणि त्या जमिनींवरच्या मनोऱ्यांतून नफा कमावलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा, असं मी म्हणते.

२०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली, ६,९२५ घरांची. २०२० मध्ये ३,८९४ घरांची निघाली. सव्वादोनशे चौरस फुटांचं ते घर ज्यांना लागलं त्यांच्या आयुष्यात काय बदललं हे मी घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागेवरच्या इमारतींत जाऊन पाहिलं आहे. स्वतःचा नळ आणि स्वतःचा दरवाजा ही लहान गोष्ट नाही. पण अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत. अर्ज केलेले कामगार वारत गेले, अर्ज बायकोच्या नावाने झाले, मग मुलाच्या. आणि मग सांगण्यात आलं की घरं शेलूला आणि वांगणीला घ्या. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर काठी टेकत आलेली माणसं याच प्रस्तावाच्या विरोधात आली होती. वांगणीत राहणारे लोक चांगले आहेत, गाव चांगलं आहे, प्रश्न तो नाही. मावशींची भांडी लालबागमध्ये गेली होती. कर्जतच्या गाडीत बसून, बदलापूरच्या पुढे जाऊन ती परत मिळत नाहीत. ही चौपट नाही, एकशेवीसही नाही, हे मुद्दलही नाही.

यावर गिरण्या तोट्यात होत्या, यंत्रं जुनी झाली होती, यंत्रमागाशी स्पर्धा परवडत नव्हती, संपाने शेवटचा घाव घातला, असं उत्तर येतं. त्यात तथ्य आहे. धंदा बुडणं हे पाप नाही आणि त्यासाठी मी कुणाला दोष देत नाही. पण तोट्यातल्या धंद्याची जमीन सोन्याच्या भावाने विकली गेली, तेव्हा ती जमीन ज्यांच्या घामाने त्या भावाला आली त्यांचा वाटा किती, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तोट्याचं उत्तर त्याला लागू पडत नाही.

क्षमेचा सोहळा करून परतफेड मागे ठेवायची ही चूक फक्त आपलीच नाही. दक्षिण आफ्रिकेत डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि सलोखा आयोगासमोर जगाने कबुल्या ऐकल्या, अश्रू पाहिले. आयोगाने पीडितांसाठी अनेक वर्षांच्या भरपाईची शिफारस केली होती, २००३ मध्ये सरकारने एकरकमी तीस हजार रँड दिले. ज्यांनी साक्ष दिली त्यांच्यातले अनेक अजून झोपडीतच होते. टुटू स्वतः याबद्दल उघडपणे खंत बोलून दाखवत राहिले.

आपल्याकडे परतफेडीचं देणं देवाच्या पेटीकडे वळतं. लालबागला वर्षातून एकदा, गणपतीत, साऱ्या देशाचे मोठे लोक येतात आणि भरभरून अर्पण करतात. आमच्या चर्चमध्येही दानपत्राच्या पाट्या भिंतीवर आहेत. श्रद्धेने दिलेल्या दानाचा मला आदर आहे, त्यातून दवाखाने आणि अभ्यासिका चालतात. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने सांगितलेला क्रम वेगळा आहे: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. जक्कयानेही मंदिराला काही दिल्याचा उल्लेख नाही. त्याने गरिबांना दिलं आणि लुबाडलेल्यांना दिलं, आणि हे दोन हिशेब त्याने वेगळे ठेवले. अर्ध्या मालमत्तेचं दान केलं म्हणून चौपट परतफेड चुकवली नाही.

माझ्या ख्रिस्ती वाचकांना एक गोष्ट सांगते, आणि बाकीच्यांनाही. येशू जक्कयाच्या घरी गेला तो जक्कयाने रक्कम सांगण्याआधी. आईनेही काकांना आधी जेवायला वाढलं. म्हणून मी गिरणी मालकांच्या वारसांना किंवा मंत्र्यांना शिव्या घालायला हा लेख लिहिलेला नाही. त्यांना दार उघडं आहे. लालबागचे लोक आजही आलेल्या माणसाला पाणी देतात. पण पाणी पिऊन झालं की रकमेचं बोलावं लागेल.

बोलण्यासारखं शिल्लक आहे. भारतमाता सिनेमाच्या मागे इंडिया युनायटेड एक नंबर उभी आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातल्या आणखी काही गिरण्यांच्या जमिनी लालबाग-परळच्या परिसरात पडून आहेत. ही सरकारच्याच हातातली जमीन आहे, कुणा खाजगी मालकाची मनधरणी करायची गरज नाही. तिथे आधी कामगारांची घरं बांधा. अर्जदारांची यादी गिरणीवार लावा आणि गिरणीच्या दारावर चिकटवा, म्हणजे कोण हयात आहे, कोणाचा वारस कुठे आहे, ते शेजारीच सांगतील. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना सोडतीच्या नशिबावर ठेवू नका, त्यांची नावं आधी घ्या. ज्याला स्वखुशीने वांगणीला जायचं आहे त्याला जाऊ द्या, पण नकार दिला म्हणून कुणाचा हक्क कापू नका. आणि मुंबईत ज्यांना घर देणं खरोखर शक्य नसेल त्यांना संपाच्या वर्षापासूनचं व्याज धरून रक्कम द्या. चक्रवाढीचा तक्ता कोणत्याही बँकेत मिळतो, आणि तो मांडायला लालबागमध्ये माझ्यासारख्या निवृत्त बायका पुष्कळ आहेत, विनामोबदला येतील.